तीन काचा, एकच थर

माणसाच्या आतड्याचा तुकडा मेणात बसवला, की तांदळाच्या कणीएवढा दिसतो. फिकट, जरासा पिवळट. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल, मेण ओतताना कुणाच्या तरी हातून कणी सांडली. परळच्या एका मोठ्या इस्पितळात, तपासणीच्या खात्यात, मी अशा कण्या पंचवीसेक वर्षं कापल्या. माझं शिक्षण सातवी. त्या सातवीचा निकाल बघायलाही मी थांबलो नव्हतो, कुडाळहून मुंबईच्या गाडीत बसलो होतो. तरी डॉक्टर लोक माझ्या हातच्या काचा बघून कुणाला काय झालंय ते सांगायचे. याचं मला अजूनही नवल वाटतं, आणि भीतीसुद्धा.

खात्याच्या मागे एक लांबट खोली होती. तिथे कापून झालेले मेणाचे ठोकळे ठेवायचे. आम्ही त्यांना ब्लॉक म्हणायचो. लोखंडी कपाटं, त्यांत ड्रॉवर, ड्रॉवरात ओळीने ब्लॉक, प्रत्येकावर नंबर. माणूस बरा होऊन गेला तरी ब्लॉक तिथेच, माणूस गेला तरी तिथेच. लालबाग-परळ-चिंचपोकळीतली कितीतरी माणसं त्या खोलीत थोडी थोडी होती. उन्हाळ्यात दुपारी छत तापायचं, तेव्हा मेणाला बारीक घाम सुटायचा आणि कपाटांतून टक्, टक् असा आवाज यायचा. मला सांगितलं होतं, लोखंड तापून फुगतं त्याचा आवाज. मी मान हलवली होती. पण त्या खोलीकडे पाठ करून मी कधी डबा खाल्ला नाही.

मी मुंबईत आलो तो गिरणीत लागायला. आमच्या गावच्या वीसेक पुरुषांची लालबागच्या एका चाळीत एक खोली होती, पाळीपाळीने झोपायची. जेवायला त्याच चाळीत तळमजल्याला, वयनीच्या खानावळीत. वयनी म्हणजे वहिनी. आमच्याच तालुक्यातली, नवरा लवकर गेलेला, पदरात दोन मुली. मी बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागलो, साच्यावर, म्हणजे मागावर, हात बसतोय न बसतोय तोवर संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल, करत खोलीतली निम्मी माणसं गावाला गेली. मी गेलो नाही. गावी माझ्या वाटणीचं ताट नव्हतं, ते भावंडांत कधीच वाटलं गेलं होतं.

संपात वयनीने पंगतीतून कोणाला उठवलं नाही. भाताची पेज झाली, पेजेचं पाणी झालं, तरी ताट मांडलं. तिचा नियम एकच. जेवून उठलं की मोरीत ताट ठेवायच्या आधी ते तिच्यासमोर धरायचं. शीत दिसता कामा नये. दिसलं तर ती सगळ्यांसमोर ओरडायची, "मेल्या, तुजी गिरण उघाडली काय? नाय ना? मग ही चार शितां कोणासाठी ठेवलंस?" पंगत हसायची, आणि तो माणूस खाली बसून बोटाने ताट पुसायचा.

ती चुलीपाशी अडकली असली की तिची थोरली पोर तपासायला उभी राहायची. सहा-सात वर्षांची, दोन वेण्या, कमरेवर हात. "दादा, दाखव." मी ताट तिच्या नाकासमोर धरायचो. ती त्यात आरशासारखं बघायची आणि म्हणायची, "जा."

इस्पितळात मला चिकटवलं तेही वयनीनेच. तिच्याकडे जेवणारा एक जण तिथे कामाला होता, त्याच्या मागे लागून लागून तिने माझं नाव लावलं. आधी झाडू, मग बाटल्या धुणं, मग एका जुन्या माणसाच्या हाताखाली मेण. त्यानेच मला यंत्र शिकवलं. यंत्राचं चाक फिरवलं की ब्लॉक पात्यावरून खाली येतो आणि एक पापुद्रा निघतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पापुद्रे एकमेकांना चिकटून पट्टी बनते. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की काचेवर उचलायची, रंग द्यायचा, तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवायची.

लहान तुकड्यांसाठी पक्का नियम होता. एका तुकड्याच्या तीन काचा. पहिली वरच्या थराची. मग दहा-पंधरा पापुद्रे कापून टाकून द्यायचे, खाली उतरायचं, तिथे दुसरी काच. परत टाकायचे, परत उतरायचं, तिसरी. काचेच्या कोपऱ्यावर १, २, ३ असं खरवडायचं. कारण रोग सगळीकडे सारखा नसतो. वर साफ दिसतं आणि तो दोन पापुद्रे खाली बसलेला असतो. मॅडम फक्त आकडा बघायच्या आणि समजायच्या की इतकं खोल गेलंय. मी खोल गेलोय की नाही ते त्यांना काच सांगत नव्हती. मी सांगत होतो.

संपाला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती तेव्हा वयनीची थोरली पडली. विशीला टेकलेली पोर, शिकत होती, खानावळीचे डबे पोचवत होती. अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी दबला, परत आला. मग डॉक्टर म्हणाले, आता बोन मॅरो बदलायचा. म्हणजे हाडातला मगज. हिचा स्वतःचा औषधांनी पार मारून टाकायचा आणि धाकट्या बहिणीच्या कमरेच्या हाडातून काढलेला हिच्या शिरेत सोडायचा. तो आपली वाट शोधत हाडात जाऊन बसतो. आपोआप. हे ऐकून वयनीने हात जोडले होते. मलाही ते औषधापेक्षा गावच्या देवाला घालतात त्या गाऱ्हाण्यातलं वाटलं.

मगज बसला. धाकटीचं रक्त थोरलीच्या अंगात तयार व्हायला लागलं. आम्ही पेढे आणले, पण तिला द्यायचे नव्हते. तिला काचेच्या खोलीत ठेवलं होतं, बाहेरचं काही जाऊ द्यायचं नाही. वयनी वाफेवर शिजवलेलं अन्न गरम गरम झाकून आणायची. बोलायचं ते काचेच्या दोन्ही बाजूंना ठेवलेल्या फोनवरून.

दीड महिना झाला आणि तिला जुलाब लागले. साधे नाहीत. हिरवं पाणी, दिवसातून वीस-वीस वेळा, मग त्यात रक्त. आठ दिवसांत तिचा चेहरा आत गेला. जेवणाच्या सुट्टीत मी रोज वर जायचो, काचेपलीकडे ती दिसायची, आणि दर दिवशी वाटायचं की काल हिच्यात थोडं जास्त होतं.

आमच्या घरामागे फणसावर घुबड बसायचं. लहानपणी मी त्याला दगड मारायला निघालो तेव्हा आईने माझा हात धरला होता. घुबडाला दगड मारायचा नाही, म्हणाली. ते तो दगड उचलून नेतं आणि वहाळावर, ओढ्याच्या काठी, बसून दुसऱ्या दगडावर घासतं. रोज थोडं. दगड झिजत जातो तसा मारणारा झिजत जातो. मला वाटलं होतं, हे मी मुंबईला येताना मागे टाकलं. काचेच्या खोलीसमोर उभं राहिल्यावर ते परत आठवलं.

एका दुपारी तिने फोन उचलला. मग म्हणाली, "दादा, मला झोप लागते रे. पण पोटात कोणीतरी जागं असतं."

"दुखतंय म्हणून वाटतं तसं."

"दुखणं वेगळं. हे नुसतं जागं आहे. मी डोळे मिटले की ते उघडतं."

मी तिला काहीतरी चेष्टेचं बोललो, काय ते आठवत नाही. ती हसली नाही. फोन ठेवताना तिने पोटावर हात ठेवला, लहान मूल झोपवताना ठेवतात तसा.

दुसऱ्या दिवशी आतून नळी घालून आतड्याचे तुकडे घेतले. बाटली खाली आणायला मीच गेलो. तुकडा टिकवायच्या पाण्यात, फॉर्मलिनमध्ये, तीन कण्या तळाशी बसल्या होत्या. जिना उतरताना मी बाटली खिशात ठेवली नाही, दोन्ही हातांत धरली. रात्रभर तुकडे आपोआप मुरतात, सकाळी मेणात बसतात. बाराच्या सुमाराला ब्लॉक माझ्यासमोर यंत्रात लागला होता.

मी चाक फिरवलं. पट्टी निघाली. पहिली काच उचलली, १ लिहिलं. आता टाकायचे दहा-पंधरा पापुद्रे. चाक अर्ध्यावर आलं आणि माझा हात थांबला.

मी हजारो वेळा टाकलेत. टेबलाखाली डबा असतो, ब्रशने लोटायचे, संध्याकाळी ओतायचे. पण हे तिचं होतं. तीन कण्या. त्यातलं मी झिजवायचं आणि डब्यात लोटायचं. एकीकडे वाटत होतं, एवढ्याशातलं वाया कसं घालवू, पुढे लागलं तर? दुसरीकडे फणसावरचं ते घुबड. मी चाक फिरवीन तशी वर काचेमागे ती झिजेल, असं मला वाटलं. भरदिवसा, डोक्यावर पंखा फिरत असताना, शेजारच्या टेबलावर रेडिओ चालू असताना वाटलं. हसायचं तर हसा.

मी काही टाकलं नाही. त्याच पट्टीतले पुढचे दोन तुकडे दोन काचांवर उचलले. एकावर २ खरवडलं. एकावर ३.

मॅडमनी त्याच दिवशी बघितल्या. मॅडम पुण्याकडच्या, बारीक, केस पांढरे, आवाज कधी न चढवणाऱ्या. वरच्या वॉर्डाचे डॉक्टर खाली आले होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "पेशी मरताना दिसतायत, पण व्हायरस मला तिन्ही लेव्हलमध्ये कुठे सापडला नाही. नवा मॅरोच आतड्यावर उलटलाय असं दिसतंय." डॉक्टर म्हणाले, मग स्टिरॉइड वाढवतो. आणि गेले.

मला त्यातलं अर्धंच कळलं. मी चहा ठेवायच्या निमित्ताने विचारलं. मॅडम माझ्याशी नेहमी समजावून बोलायच्या. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या परीने असं समजलो. आमच्या गावाला राखणदार असतो. दिसत नाही, पण वेशीवर फिरतो, चोराला आत येऊ देत नाही. माणसाच्या अंगातही तसा राखणदार असतो आणि तो मगजात तयार होतो. हिचा जुना राखणदार मारला, बहिणीचा आणून ठेवला. तो नवीन. त्याला घरची माणसं ओळखू येत नाहीत, तो त्यांनाच चोर समजून मारायला लागतो. तसं असेल तर त्याचे हात बांधायचे. स्टिरॉइड ते करतात. पण दुसरंही होऊ शकतं. एक विषाणू आहे, नाव लांबलचक, खात्यात सीएमव्ही म्हणायचे. तो खरा चोर. तसं असेल तर राखणदाराचे हात बांधले की चोराला रान मोकळं.

"बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं," मॅडम म्हणाल्या. "जुलाब, रक्त, ताप. म्हणून तर तुकडा काढतात."

"मग दोन्ही औषधं द्यायची."

"चोरावरचं औषध नव्या मॅरोलाच मारतं. इतक्या कष्टाने बसलेला. दिसल्याशिवाय नाही देता येत." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "आणि तो चोर बाहेरून येतो असं नाही बरं का. बहुतेकांच्या अंगात लहानपणीच शिरलेला असतो. तुझ्याही असेल, माझ्याही. तो झोपून राहतो. पहारा उठला की जागा होतो."

मी कप उचलला. जागा होतो. हे त्यांनी सांगायच्या आधी मला तिने फोनवर सांगितलं होतं.

स्टिरॉइड वाढले. तीन दिवसांत ती आणखी खाली गेली. बाटलीमागून बाटली रक्त चढत होतं आणि खालून जात होतं. वयनी वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून असायची. मी गेलो की शेजारच्या बायकांना सांगायची, "ह्यो बघा, माजो झील. थंय खाली तोच कापता. तेच्या हातातून गेल्याशिवाय कायएक होणां नाय." झील म्हणजे मुलगा. बायका माझ्याकडे देवळातल्या पुजाऱ्याकडे बघावं तशा बघायच्या.

चौथ्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं. पदराने माझ्या कपाळाचा घाम पुसला, मी लहान असल्यासारखा. "झिला, तू नीट बघलंस ना रे? काय ऱ्हवला नाय ना?"

काही राहिलं नाही ना. ताट बघून विचारायची, त्याच आवाजात.

"नाय, वयनी," मी म्हणालो.

जिना उतरून मी ब्लॉकच्या खोलीत गेलो. दुपारचे दोन असतील. सगळे जेवायला गेले होते. खिडकीतून बंद गिरणीची भिंत दिसायची, तिच्या वरच्या गोल झरोक्यांच्या काचा फुटलेल्या. कपाटं टक् टक् करत होती. मी तिचा ड्रॉवर ओढला. तिचा ब्लॉक ओळीत होता. वरून जेमतेम साल काढल्यासारखा, जवळजवळ अख्खा. आजूबाजूचे सगळे खोल कापलेले, आणि हा एकच गुळगुळीत, वर बघत असलेला. बाकीचं सगळं त्याच्या आत होतं. मी न कापलेलं. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मानेवर कुणाचा तरी श्वास आल्यासारखं झालं आणि मी वळलो, तर मागे नुसती कपाटं.

मला नोकरीची भीती होती, ती खोटी नाही. ही नोकरी गेली असती तर सातवी नापास की पास हेही माहीत नसलेल्या माणसाला दुसरं कोण दारात उभं करणार होतं? म्हणून मी आधी पळवाट काढली. ब्लॉक मुठीत घेऊन मॅडमकडे गेलो.

"मॅडम, त्या मॅरोवाल्या मुलीचं अजून थोडं खोल कापून आणू का?"

त्यांनी मायक्रोस्कोपातून डोळा काढला नाही. "तीन लेव्हल बघितल्यात मी. स्वच्छ आहेत. एवढासा तुकडा आहे, उगाच संपवू नकोस. पुढे लागला तर?"

माझेच शब्द. मी दारापर्यंत गेलो. परत आलो.

"मॅडम, तीन नाहीत."

"काय तीन नाहीत?"

"थर. काचा तीन आहेत. थर एकच आहे."

आता त्यांनी मान वर केली. चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे मी पहिल्यांदा बघत होतो.

"आकडे कोणी घातले?"

"मी."

"का?"

"मधलं टाकून द्यायचं असतं ना. टाकवलं नाही."

"आजपर्यंत किती वेळा केलंयस असं?"

"आईशप्पथ, हे एकच."

त्यांनी चष्मा पदराने पुसला. बाहेर कुणीतरी बादली सरकवत नेली. मग म्हणाल्या, "ती कोण तुझी?"

बहीण म्हणावं असं तोंडावर आलं होतं. पण एक खोटं उघडं करताना दुसरं नको वाटलं.

"मी जेवायला आहे त्यांच्याकडे," मी म्हणालो.

मॅडमनी फोन उचलला, वॉर्डात सांगितलं, संध्याकाळचा डोस थांबवा, मला दोन-तीन तास द्या. मग उठल्या. "चल. मी उभी राहते."

मी ब्लॉक लावला. बर्फ फिरवून गार केला. चाक फिरवलं. पापुद्रे यायला लागले. दहा झाले.

"टाक," मॅडम म्हणाल्या.

मी ब्रशने डब्यात लोटले.

"काच घे. चार नंबर घाल." मी घेतली. "पुढे. टाक."

 हातांना काम माहीत होतं.  कोमट पाण्यावर पट्टी सोडली की तिचे तुकडे उलगडायचे, सायीसारखे पसरायचे, आणि क्षणभर आखडून परत सैल व्हायचे. नेहमीच होतं तसं. त्या दिवशी ते श्वास घेतात असं वाटलं. पाच नंबर. टाक. सहा नंबर. टाक. कणी लहान होत चालली, तीनांतली एक संपली, मेणात नुसती खोच राहिली. मी वर छताकडे बघितलं. तीन मजले वर ती होती. मी मनात म्हटलं, काय असेल ते माझ्या अंगावर घे, दगड मी मारलाय. कुणाला म्हटलं ते विचारू नका.

काचा रंगात घातल्या. पाऊण तास गेला. मॅडम खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. मी उभा होतो, बस म्हणाल्या तरी उभाच होतो.

चार नंबर त्यांनी बघितली, बाजूला ठेवली. पाच बाजूला ठेवली. सहा. सहावर त्यांचा हात थांबला. काच एक केसभर सरकवली, परत आणली. मोठं भिंग फिरवलं.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "बघ."

खात्यात इतकी वर्षं काढून मी मायक्रोस्कोपाला कधी डोळा लावला नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं आणि मी मागितलं नव्हतं. मी वाकलो. गुलाबी शेत, त्यात मोहरीसारखे जांभळे ठिपके, शेकडो. आणि मधोमध एक, फुगलेला, बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठा. त्याच्या पोटात काळपट-जांभळा गोळा. गोळ्याभोवती पांढरं कडं. कड्याभोवती काठ.

तो माझ्याकडे बघत होता. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. मी डोळा काढला, परत लावला, तो तसाच टक लावून होता. तिने सांगितल्याप्रमाणे, जागा.

"सापडला," मॅडम म्हणाल्या. "अल्सरच्या तळाशी, रक्तवाहिनीच्या काठावर लपून बसलेला. आणखी दोन आहेत डावीकडे. पुस्तकात याला घुबडाचा डोळा म्हणतात, माहितीये?"

 आईने सांगितलेलं मी मॅडमना सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "हो का?" आणि बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

त्या संध्याकाळी औषध उलटं फिरलं. स्टिरॉइड हळूहळू उतरवायचे ठरले, चोरावरचं सलाइन सुरू झालं. ते तेव्हा सहज मिळत नव्हतं, डॉक्टरांनी कुठून कुठून जमवलं. त्याने रक्तातल्या पेशी घटल्या, धाकटीचा मगज हलला, दोनदा वाटलं की आता तोही जाणार. पण पंधरवड्याने जुलाब विसावरून चारावर आले. एक दिवस फोनवर ती म्हणाली, "दादा, ते निजलं."

"गेलं?"

"नाही रे. निजलं."

मॅडमनीही मला तेच सांगितलं होतं. तो जात नाही. परत झोपतो.

माझ्या चुकीबद्दल त्यांनी वर काय सांगितलं, मला कधी कळलं नाही. नोकरी राहिली. फक्त पुढे कितीतरी महिने लहान तुकडा लागला की त्या येऊन माझ्यामागे उभ्या राहायच्या, काही न बोलता, आणि मी टाकायचो. एके दिवशी त्या आल्या नाहीत. मी वळून बघितलं, दार रिकामं होतं. त्या दिवशी मी टाकायचे पापुद्रे एकेक मोजून टाकले. वयनीला मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवलंस काय?" आणि ताट मांडलं. त्या ताटावर माझ्याने मान वर करवली नाही.

वयनी आता नाही. चाळ पाडली, तिथे टॉवर उभा राहिला, पुनर्वसनाच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर थोरली डबे करते. घोट्याशी सूज येते, उन्हात फार निघता येत नाही, पण आहे. रविवारी मी जेवायला जातो. जेवून उठलो की ताट तिच्यासमोर धरतो. ती अजून त्यात आरशासारखं बघते. कधी कधी हवं त्यापेक्षा जास्त वेळ बघते, आणि तिचा दुसरा हात तिच्या नकळत पोटावर गेलेला असतो. आम्ही दोघं तेव्हा हळू बोलतो.

निवृत्तीच्या आधी जुन्या ब्लॉकचं सामान दुसऱ्या गोडाऊनला हलवायचं होतं. ड्रॉवर मी भरत होतो. तिचा हातात आला. उजेडासमोर धरला. सहा नंबरनंतरही मॅडमनी मला थांबवलं नव्हतं, खात्री करायला आम्ही पार तळापर्यंत गेलो होतो. तिन्ही कण्यांच्या जागी तीन खिडक्या होत्या, आरपार. मेणात तिचं काही उरलं नव्हतं. मी तो कुणाला तरी दाखवावा म्हणून वर धरला होता, पण खोलीत कोणी नव्हतं. परत ओळीत ठेवला.

काचा मात्र वेगळ्या कपाटात असतात. त्या टाकत नाहीत. सहा नंबर, तो डोळा असलेली, तिथेच आहे, रंग थोडा उडाला असेल. त्या कपाटाची किल्ली आता दुसऱ्याकडे आहे.